मास्तरांनी मेन स्विच पाडला

"…मग माझ्याच हाकेला उत्तर का येत नाही, मास्तर?"

एवढं विचारून जयवंत खवाटेने खुर्चीत अंग टाकून दिलं.

दोन महिने रात्रीचा दिवस करून त्याने घरातलं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, केंद्र सजवलं होतं. उद्या पहाटे साडेपाचला स्पर्धा. चोवीस तासांत जगभरातली जास्तीत जास्त केंद्रं गाठायची. गेली तीन वर्षं यादीत त्याचं नाव शोधायचं तर खालून सुरुवात करणं सोयीचं पडत होतं. यंदाही तीच गत झाली, तर सगळं सामान विकून मोकळं व्हायचं, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. माणूस खरंच थकला होता.

दस्तगीर मास्तर मिरजेच्या तार ऑफिसातून निवृत्त झालेले. मोर्सची कट्ट-कडकट्ट जयवंत त्यांच्याच ओट्यावर शिकला. मग यंत्रं आली, आणि सहा वर्षं त्याला त्या ओट्याची आठवण झाली नाही. आज घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, तेव्हा मास्तर आठवले.

मास्तरांनी दारातूनच खोली न्याहाळली. दोन संगणक, तीन पडदे, पंखे, चार्जर, रंगीत दिव्यांची माळसुद्धा.

"अँटेना?"

"पंधरा फूट वर नेली. इथून बटण दाबलं की फिरते."

"ताकद?"

"चौपट केलीय. सकाळपासून हे यंत्र आपोआप हाक मारतंय. दर वीस सेकंदांनी, न चुकता. इंटरनेटवर दिसतं ना, मास्तर, युरोपभर ऐकू जातंय माझं!"

"आणि तुला?"

जयवंतने स्पीकर मोठा केला. तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडाट खोलीभर झाला.

"हे असं. दिवसभर. हवाच बिघडलीय हल्ली."

"हवा…" मास्तर म्हणाले.

ते काठी टेकत बोळात गेले. आणि त्यांनी मेन स्विच खाली पाडला.

पडदे काळे झाले. संगणकाचा यूपीएस कोकलायला लागला. मास्तरांनी खोलीत परत येऊन, वाकून तोही बंद केला.

"अहो, लाइट गेली का?" आतून जयवंतची बायको.

"गेली नाही, सूनबाई. घालवली."

"मास्तर, उद्या स्पर्धा आहे हो!" जयवंतचा आवाज चिरकला. त्याला त्यांना बोलावल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला होता.

"बॅटरी असेल एखादी?"

कोपऱ्यात स्कूटरची होती. मास्तरांनी दोन तारा जोडल्या. रेडिओ तेवढा लागला. एकटाच.

तडतडाट नव्हता. काहीच नव्हतं.

"बिघडला…" जयवंत पुटपुटला.

मास्तरांनी बोट वर केलं.

…

…

खूप खोलवरून, सुतासारखं बारीक, काहीतरी वाजत होतं. कट्ट. कडकट्ट.

जयवंतने हाताला लागेल तो कागद ओढला. सहा वर्षांत त्याने कानाने मोर्स घेतला नव्हता, संगणकच वाचून दाखवायचा. तरी अक्षरं उतरत गेली. ती त्याचीच होती. त्याच्याच केंद्राचं नाव होतं ते.

मग थोडा वेळ शांतता. समोरचा जणू वाट बघत होता.

मग पुन्हा तेच नाव. सावकाश. न रागावता.

तो तडतडाट हवेचा नव्हताच, जयवंतच्याच पडद्यांचा, चार्जरांचा, दिव्यांचा होता. त्याला लाज वाटली, भयंकर वाटली.

"मास्तर… कधीपासून बोलावतोय हा?"



जयवंतने घाईघाईने मोर्सच्या कळीकडे हात नेला. मास्तरांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. हलकाच, पण जयवंतला तो हलवता येईना.

पलीकडचा अजून वाजवतच होता.

"आधी त्याचं संपू दे."