मिचकीची ऊब कोणी नेली?

एक होती गाडी. निळी निळी, जुनी जुनी. तिचा एक दरवाजा मात्र हिरवा होता. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

गाडी होती गजाभाऊ ढेब्यांची. डोंगरावरच्या थंड थंड गावात गजाभाऊ ती चालवत. पाहुण्यांना वर नेत, खाली आणत.

त्या गाडीत राहायची एक उंदरी. तिचं नाव मिचकी. मिचकीचा कोणावर विश्वास नव्हता. एक डोळा मिटायची, एक उघडा ठेवायची आणि सगळ्यांकडे तश्शी बघायची. मिचकीला होतं एक पिल्लू. एवढंसं. शेंगदाण्याएवढं.

हीटरच्या जाळीमागं त्यांचं घर. रोज सकाळी गजाभाऊ गाडी चालू करत. घुर्र घुर्र. मग हीटर फुंकर घाली. फूऽऽ. गरम गरम. पिल्लू गाढ निजे.

आज काय झालं? घुर्र घुर्र झालं. फूऽऽ पण झालं. पण गार गार.

पिल्लू कुडकुडलं. कुडकुड कुडकुड. त्याचं नाक निळं पडलं.

मिचकीनं एक डोळा मिटला. "कोणीतरी ऊब नेली," ती म्हणाली. "मी शोधून काढीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली हीटरकडे. हुंग हुंग. मिश्या थरथर.

"हीटरदादा, हीटरदादा,
पिल्लू निजेना.
गरम फुंक ना."

हीटर म्हणाला, "मी काही नेलं नाही. नळी गरम पाणी आणेल, तर मी फुंकीन." आणि त्यानं विचारलं, कालपासून गाडीत कोणीतरी कुरतडतंय म्हणे, ती तूच का? मिचकीनं शेपटी झटकली.

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली नळीकडे. हुंग हुंग. मिश्या थरथर.

"नळीताई, नळीताई,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
गरम पाणी आण ना."

नळी होती रबराची. मिचकीचे दात बघून ती आक्रसली. लांबूनच बोल म्हणाली, आणि तोंड मिटून बोल म्हणाली.

"मी काही नेलं नाही. इंजिन पाणी तापवेल, तर मी आणीन."

टिप. नळीच्या टोकाकडून एक थेंब पडला.

"हे काय?" मिचकीनं विचारलं.

"कुठं काय?" नळी म्हणाली.

मिचकीनं एक डोळा मिटला. पण घाई होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली इंजिनाकडे. हुंग हुंग. मिश्या थरथर.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
पाणी तापवा ना."

इंजिनआजोबा खोकले. घुर्र, खुर्र, घुर्र. मग म्हणाले, "मी काही नेलं नाही. पाणी आलं की पळतं. तापवू कधी? पाणी थांबेल, तर मी तापवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली पाण्याकडे. हुंग हुंग. मिश्या थरथर.

"पाणीबाई, पाणीबाई,
इंजिन तापवेना,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
जरा थांब ना."

पाणी पळत पळतच बोललं. खळखळ खळखळ. "मी काही नेलं नाही. वाट मोकळी आहे, मी का थांबू? झडप अडवेल, तर मी थांबेन."

झडप म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं चिमुकलं दार. पाणी गार असलं की ते बंद राहतं. पाणी तापलं की ते उघडतं.

मिचकी त्या वाटेवर गेली. बघते तर दार नाही. नुसतं भोक.

मिचकीनं एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला. विचार केला. मग दोन्ही उघडले आणि हुंगत हुंगत निघाली.

हिरव्या दरवाजाजवळ एक बिस्किटांचा डबा होता. बिस्किटं केव्हाच संपलेली. आत स्क्रू, आत खिळे, आत एक तुटकी शिट्टी. आणि तळाशी झडप, मुसमुसत बसलेली.

"झडपताई, झडपताई,
पाणी थांबेना,
इंजिन तापवेना,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
पाण्याला अडव ना."

झडपेनं सगळं सांगितलं. काल घाटात गाडी फार तापली. फुस्स फुस्स वाफ आली. गजाभाऊ मिस्त्रीला म्हणाले, ही झडपच पाणी अडवते, काढून टाक. झाली तिची रवानगी डब्यात. तिला कोणी काही विचारलं नाही.

"मी काही नेलं नाही," झडप म्हणाली. "मिस्त्री बसवेल, तर मी अडवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली हमीदमिस्त्रीकडे. गाडी त्यांच्याच दुकानासमोर उभी होती. मिस्त्री चहा पीत होते. मिचकी त्यांच्या पिशवीमागं लपली. हुंग हुंग. मिश्या थरथर.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा,
झडप अडवेना,
पाणी थांबेना,
इंजिन तापवेना,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
झडप बसवा ना."

मिस्त्रींनी पिशवीकडे बघितलं. पिशवी बोलते, ठीक आहे. गजाभाऊंपेक्षा नीट बोलते.

"काढायला गजाभाऊंनी सांगितली," ते पिशवीला म्हणाले. "मागं मी न विचारता आरसा पुसला, तर आठवडाभर विचारत होते, जुना आरसा कुठं गेला. गजाभाऊ सांगतील, तर मी बसवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मिचकी गेली गजाभाऊंकडे.

गजाभाऊ गाडीत बसले होते. एक स्वेटर, वर दुसरा स्वेटर. डोक्यावर माकडटोपी, टोपीवर मफलर. थंडी अजिबात नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. शेजारी होता एक पिंजरा. पिंजऱ्यात होतं एक भजं.

मिचकी सीटखाली लपली. हुंग हुंग. मिश्या थरथर थरथर.

"गजाभाऊ, गजाभाऊ,
मिस्त्री बसवेना,
झडप अडवेना,
पाणी थांबेना,
इंजिन तापवेना,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
मिस्त्रीला सांगा ना."

गजाभाऊंना वाटलं, सीटच बोलते आहे. सीट फार जुनी होती. काहीही करू शकली असती.

"झडपेचं सोड," ते सीटला म्हणाले. "कोणीतरी उंदीर नळी कुरतडतोय. म्हणून गाडी तापली. तो उंदीर सापडेल, तर मी मिस्त्रीला सांगीन."

खट्. पिंजऱ्याचं दार त्यांनी आणखी थोडं उघडलं.

मिचकीनं सीटखाली अंग चोरलं. जाळीमागून आवाज आला. कुडकुड, कुडकुड. मग आवाज बारीक झाला. कुड… कुड…

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं. नाही कसं? एक जण उरलं होतं. मिचकी स्वतःलाच म्हणाली,

"मिचके गं, मिचके,
गजाभाऊ सांगेनात,
मिस्त्री बसवेना,
झडप अडवेना,
पाणी थांबेना,
इंजिन तापवेना,
नळी आणेना,
हीटर फुंकेना,
पिल्लू निजेना.
बाहेर ये ना."

आणि मिचकी बाहेर आली.

तुरु. तुरु. तुरु. सीटवर चढली. पिंजऱ्याशी गेली. पिंजऱ्यात नाही हं. पिंजऱ्यावर. वर बसली आणि म्हणाली,

"उंदीर सापडला. आता नळी बघा. माझा एक तरी दात तिच्यावर उमटलेला दिसला, तर मी आपणहून आत जाईन."

गजाभाऊ बघतच राहिले. सीट बोलत नव्हती तर. मग त्यांनी गाडी बंद केली. मिस्त्रींना हाक मारली. दोघांनी पुढचं झाकण उघडलं. करर्र.

गजाभाऊंनी चष्मा लावून नळी बघितली. चष्मा काढून बघितली. वरून बघितली, खालून बघितली. दात नाही. ओरखडा नाही. नळी अगदी धडधाकट निघाली. गजाभाऊंना फार वाईट वाटलं.

टिप.

एक थेंब पडला. मिचकीनं बोट केलं. मिस्त्रींनी वाकून बघितलं. नळीच्या टोकाला लोखंडी पट्टी होती. पट्टी सैल होती. तिथून पाणी गळत होतं. टिप टिप. पाणी कमी झालं, म्हणून गाडी तापली. झडपेनं काही केलं नव्हतं. उंदरीनं काही केलं नव्हतं.

सगळ्यांनी नळीकडे बघितलं. नळी दुसरीकडे बघू लागली.

मिस्त्रींनी पट्टी आवळली. करकर करकर. टिप टिप बंद.

मग सगळ्यांनी गजाभाऊंकडे बघितलं. मिचकीनं तर एकाच डोळ्यानं बघितलं. गजाभाऊंनी मफलर सारखा केला.

"हमीद," ते म्हणाले, "ती झडप बसव. मी काल हेच म्हणत होतो, काढू नकोस."

मिस्त्रींना खोकला आला.

मग काय?
गजाभाऊंनी सांगितलं,
मिस्त्रीनं बसवली.
नवं पाणी भरलं, गुडगुड गुडगुड.
गाडी चालू झाली, घुर्र घुर्र.
झडपेनं अडवलं,
पाणी थांबलं,
इंजिनानं तापवलं,
नळीनं आणलं,
हीटरनं फुंकलं.

फूऽऽ.

गरम गरम.

पिल्लाचं नाक निळ्याचं गुलाबी झालं. पिल्लू निजलं.

गजाभाऊंनी मफलर काढला. टोपी काढली. एक स्वेटर काढला, मग दुसराही काढला. थंडी आज कमीच आहे, म्हणाले. आणि पिंजऱ्यातलं भजं काढून त्यांनी जाळीपाशी ठेवलं. कोणी बघत नाही ना, ते आधी बघितलं.

मिचकी आली. हुंग हुंग. भज्याभोवती एक फेरी मारली. उलट फेरी मारली. भज्याला दोरी नव्हती. भज्याला दार नव्हतं.

मग खाल्लं. कुरुम कुरुम.

पोट भरलं. अंग शेकलं. मिचकी पिल्लाजवळ निजली.

एक डोळा मिटून.

एक उघडा ठेवून.

नळीकडे.