थोरल्या हापूसची सावली

झाडं माणसांशी तोंड उघडून भांडत, तेव्हाची ही गोष्ट. एका बागेतला थोरला हापूस एक वर्ष लगडायचा आणि पुढचं वर्ष नुसती पालवी फोडून विसावा घ्यायचा. बाग कराराने घेतलेल्या शिवराम पाडावेच्या डोळ्यांत हा विसावा खुपला. त्याने बुंध्याभोवती चर खणून पालवी रोखून दरवर्षी मोहोर आणणारं औषध ओतलं, तेही दुप्पट.

"मेल्या, मी झाड आहे, घाण्याचा बैल नव्हे!" हापूस कडाडला. "पालवी फुटू दे!"

"पालवी काय बाजारात विकू?" शिवराम हसला.

सलग चार वर्षं आंबा लागला. नवं पान मात्र फुटेना, आणि जुनी गळत गेली. पाचव्या वैशाखात पेट्या भरून घामाघूम झालेला शिवराम बुंध्याला टेकला आणि करवादला, "सावली कुठाय रे?"

"पेट्यांत बघ," हापूस म्हणाला. "तूच भरून नेलीस."