चौथऱ्यावरची होडी

“...म्हणजे नव्या होडीचा नारळ फोडायला तुम्ही येणार न्हाई म्हणता, बाबा?”

टेकडीवरच्या पिराशी राहणारे मस्तानबाबा काटक्या मोडून चुलीत सारत राहिले.

विचारणारा नागनाथ त्यांचा जुना शिष्य. खाली गावात त्याच्या शब्दाला वजन. शेजारी त्याची बायको मालन, थोरल्या पोरीला मांडीवर घट्ट धरून बसलेली. धाकटं यंदाच्या पुरात गेलं. तेव्हापासून ती पोरीला खाली सोडतच नव्हती.

काही वर्षांपूर्वीच्या महापुरात एका लाकडी होडीनं गाव वाचवलं होतं. पाणी ओसरलं तसं नागनाथनं पुढाकार घेऊन ती होडी वाजतगाजत देवळापुढं आणली, चौथरा बांधून वर बसवली. रंग दिला, हळदकुंकू वाहिलं. होडीला कुणी पाय लावायचा नाही, असं ठरून गेलं.

बाबा दर उन्हाळ्यात खाली उतरायचे. होडी पाण्यात सोडा म्हणायचे, फटी बुजवा, डांबर फासा, बायापोरांना चढाउतरायला शिकवा. नागनाथ हसायचा. देवाला कधी कुणी डांबर फासतं का, बाबा?

पूर आलाच तर हाताशी असावं म्हणून मालननं दाराशी गाठोडं टांगलं होतं. फुटाणे, पोरांचं औषध, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. ते नागनाथनं उतरवून ठेवलं. भरल्या घरात अपशकुन नको म्हणाला.

चौथऱ्यावर उन्हानं होडीच्या फळ्या वाळून आकसल्या होत्या. यंदा पाणी चढलं तेव्हा मालन तान्ह्याला घेऊन त्याच होडीत बसली, आणि पाणी खालून आलं. तिच्या तळपायांना ते अजून गार लागायचं.

“नवी आणतोय,” नागनाथ म्हणाला. “सागवानी. मोठी. चौथऱ्याला संगमरवर लावायचा, होडीत धाकट्याचा फोटो.”

“पाण्यात कधी घालणार?” बाबांनी विचारलं.

“बाबा... आता तिच्यात माझं पोर हाय. तिला पाण्यात कशी घालू?”

मालनला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं पदर तोंडात धरला.

घर माळावर हलवू, असं तिनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. नागनाथ पळाला म्हणतील लोक, एवढंच त्याचं उत्तर.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं.

“थोरली झोपती कुठं, पोरी?”

“तिथंच,” मालन म्हणाली. “नदीकडच्या खोलीत.”

चुलीत काटकी तडतडली.

बाबा पुढं सरकले. पोरीचं पाऊल हातात घेतलं. तळव्यावरून अंगठा फिरवला, जसं कुणी भांडं कोरडं आहे का बघावं.

“नारळ तूच फोड, नागू,” ते म्हणाले. “फक्त चौथरा उंच बांध. पोरगी त्याच्यावर तरी चढून बसंल.”