न वळणारी तुफान

ज्या काळी खेळण्यांना वाचा फुटली होती आणि अक्कल तेवढी वाटायची राहिली होती, तेव्हाची ही गोष्ट. मृदुला कारखानीस यांच्या टेबलावर तुफान नावाची रिमोटची गाडी राहत असे. मृदुलाताईंनी तिला स्वतः घडवलेली रुंद चाकं बसवली, तिप्पट ताकदीची मोटर लावली, आणि गाडीची मान जी ताठली ती खाली येईना.

चाकं वळवणारा चिमुकला सर्व्हो मात्र जुनाच होता. तो भीत भीत म्हणाला, "तुफानबाई, एवढ्या वेगात वळवणं मला झेपायचं नाही. शर्यतीत जरा हळू घ्या."

"आपल्याला पुढे जायचंय, वळायचं कशाला?" तुफान फणकारली. "वळतात ती भित्री!"

शर्यतीत तिने पहिल्याच झेपेत साऱ्यांना मागे टाकलं. टाळ्या ऐकून तिला आणखी चेव आला. तेवढ्यात वळण आलं. सर्व्होने जीव तोडून चाकं ओढली, पण तुफान सरळच गेली आणि भिंतीवर आदळून उलटी पडली. बाकीच्या भित्र्या गाड्या सावकाश वळून निघून गेल्या.

आभाळाकडे चाकं करून तुफान म्हणाली, "पाहिलंस? माझ्याआधी कुणी पोचलं?"

"छे हो," सर्व्हो म्हणाला, "या भिंतीपाशी पहिला नंबर तुमचाच."