मावशीने ओळखलेली चिंधी

फार जुनी गोष्ट. एका माणसाचे दुधाचे दातही पडले नव्हते, तेव्हा एक विषाणू त्याच्या देहात शिरला आणि कायमचा दडून बसला.

तेव्हापासून देहाच्या संरक्षक फौजेतली एक मदतनीस पेशी त्याच्या मागावर रक्तातून हिंडत असे. तिच्याकडे शस्त्र नव्हतं. पहारेकरी पेशी जे गिळत, त्याची चिंधी तिच्यापुढे धरत. ती चिंधी निरखून पुढे जाई.

एक तरणी मारक पेशी वैतागून तिला म्हणाली, "मावशी, शत्रूला तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलंय तरी का?"

"नाही गं. त्याची चिंधी तेवढी ओळखते."

"चाळीस वर्षं झाली. मेला असेल तो."

मावशी पुढची चिंधी निरखू लागली.

पुढे माणूस दुसऱ्याच आजारपणाने खंगला आणि दडलेला विषाणू जागा झाला. एके दिवशी एका चिंधीपाशी मावशी थबकली आणि ओरडली, "उठा गं, तोच आहे!"

मारक पेशी धावल्या. विषाणू शिरलेल्या आपल्याच शेजारणी त्यांना माराव्या लागल्या. उरलेला विषाणू पुन्हा दडला.

"संपला का, मावशी?" तरणीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"तो या देहाबरोबरच संपेल."

"मग आपण जिंकणार कधी?"

मावशी पुढच्या पहारेकरणीकडे वळली होती. "दाखव बाई," ती म्हणाली, "तुझ्याकडे काय आहे?"