गप्प राहिलेला डबा

एकदा एका माळरानावर ग्लायडर चालवायला शिकवणारे एक वृद्ध गुरू राहत. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दोराने ओढून त्याला वर सोडायचं, आणि मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधत, घारीसारख्या घिरट्या घालत, त्याने आपली उंची आपणच कमवायची. हवा सापडली तर चढला, नाही सापडली तर मुकाट खाली आला. असा सगळा रोखठोक मामला! शिष्य गुरूंना अण्णा म्हणत.

अण्णांनी प्रत्येक ग्लायडरमध्ये एक लहानसा डबा बसवून घेतला होता. 'मी इथे आहे, मी इकडे निघालोय' असं तो डबा बिनतारी सांगत राहतो, आणि इतरांच्या डब्यांचं ऐकत राहतो. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदणार असं दिसलं की दोन्ही डबे बोंब मारतात. आता इतकी उपकारक वस्तू माणसाच्या हाती आल्यावर तो तिचा भलता उपयोग शोधणार नाही, असं कसं होईल? डब्याच्या पडद्यावर इतरांची विमानं ठिपक्यांसारखी दिसत. एखादा ठिपका भराभर चढू लागला की बाकीचे तिकडे धावत. आयत्या बिळावर नागोबा!

निरंजन हा अण्णांचा सर्वांत हुशार शिष्य. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती आणि तो सराव करत होता. दुपारी त्याला नुकत्याच पेटवलेल्या एका उसाच्या फडावर अशी जोरकस हवा सापडली की विमान जणू कुणी खांद्यावर उचलून घेतलं. फड जळून काळी पडलेली जमीन उद्याही अशीच तापणार, आणि ही जागा कुणाला कळली तर सगळे इथेच लोटतील, असं वाटून त्याने हळूच डब्याची कळ बंद केली. ठिपका मिटला. गडी खूश झाला.

एक डोळा उंचीच्या काट्यावर, दुसरा खालच्या फडावर, असा तो घिरट्या घालत होता. सहज मान वर केली, आणि समोरची अख्खी काच पांढऱ्या पंखाने भरलेली! त्याने सुकाणूचा दांडा पुढे ढकलला. विमानाने नाक खाली टाकलं. एक प्रचंड सावली डोक्यावरून सूं करून गेली. क्षणभर त्याला पलीकडच्या काचेतला माणूसही दिसला. हेरंब! त्याचा जिवलग मित्र, मान खाली घालून डब्याच्या पडद्याकडे बघत बसलेला. ते विमान तसंच सरळ पुढे गेलं. पंखही हलला नाही.

निरंजनने विमान फडावरून बाहेर काढलं. देवा रे, आत्ता दोघेही मेलो असतो! आणि त्याने मला पाहिलंसुद्धा नाही!

तो कसाबसा उतरला. थोड्या वेळाने हेरंबही उतरला, शीळ घालत आला आणि चहाचा पेला हातात घेऊन म्हणाला, "अरे, होतास कुठे तू? आज काय मजा आली म्हणून सांगू! आभाळ नुसतं मोकळं. चिटपाखरू नव्हतं."

निरंजन तडक अण्णांकडे गेला आणि त्यांच्यापुढे मटकन बसला. कळ बंद केली इथपासून पंखाच्या सावलीपर्यंत सगळं त्याने ओकून टाकलं. रडत म्हणाला, "अण्णा, मला उद्या उडू देऊ नका. मी त्या लायकीचा नाही."

अण्णांनी एवढंच विचारलं, "हेरंबने तुला पाहिलं?"

"नाही."

अण्णा उठले, बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हेरंब, उद्या तू उडायचं नाहीस."

हेरंबने हातातला पेला खाली ठेवला. "अण्णा! वर्षभर मी या दिवसाची वाट बघितली. मी केलं काय?"

"काहीच केलं नाहीस," अण्णा म्हणाले आणि आत निघून आले.

निरंजन थक्क झाला. "अण्णा, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी? कळ मी बंद केली!"

"तुझा अपराध मोठा आहे, त्यात वाद नाही," अण्णा म्हणाले. "पण तुझी शिक्षा तुला वरच मिळाली. पुन्हा त्या कळीकडे हात गेला तर तो थरथरेल. हेरंब मात्र आज यमाच्या दारावरून परत आला, आणि त्याला वाटतंय की अंगणात फेरी मारून आलो. बाळा, डबा फक्त बोलणाऱ्याचंच ऐकतो. घारीकडे डबा नाही. वाट चुकून इकडे आलेल्या पाहुण्या विमानाकडे असेलच असं नाही. एखाद्याचा बिघडलेला असतो, आणि तुझ्यासारखा लबाड तो मुद्दाम बंद करतो. डबा गप्प होता, याचा अर्थ 'मला काही ऐकू आलं नाही' इतकाच होता. हेरंबने त्याचा अर्थ 'इथे कुणी नाही' असा लावला आणि डोळे आत वळवले. उद्या विसाच्या वर विमानं आभाळात असतील. असा माणूस मी त्यांच्यात कसा सोडू? आणि मी सांगून त्याला पटायचं नाही. पाहिलंस ते तू. जा, तूच सांग."

निरंजन गेला. हेरंब आधी चिडला, मग चक्क हसला. "थापा मारू नकोस. माझा डबा चालू होता. एकदाही वाजला नाही."

"हेरंब, तुझ्या विमानाच्या पोटाला, चाकाच्या मागे, निळी चिकटपट्टी आहे. तिचं एक टोक सुटून फडफडतंय. मी ती खालून पाहिली."

हेरंब आपल्या विमानाकडे गेला, गवतावर उताणा झाला आणि पोटाखाली सरकला. निळ्या पट्टीचं एक टोक खरंच सुटलेलं होतं. मग तो बाहेर आला. "किती जवळ होतास?" त्याने विचारलं.

"मध्ये काच नसती तर हात लावला असता."

हेरंब तिथेच खाली बसला. थोड्या वेळाने दोघे मिळून अण्णांकडे आले. हेरंब म्हणाला, "अण्णा, बरोबर आहे तुमचं. उद्या नका मला उडवू. मला भीती वाटते."

अण्णांनी त्याचे थरथरणारे हात आपल्या हातात घेतले.

"आता उड," ते म्हणाले.

सकाळी तोल सांभाळायला हेरंबच्या विमानाचा पंख धरून निरंजन त्याच्याबरोबर पळाला. स्वतः मात्र तो जमिनीवरच राहिला. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोर ताणण्याआधी हेरंबने डबा चालू असल्याची खात्री केली, मग मान वर केली आणि डावीकडे, उजवीकडे, वर, असं सारं आभाळ सावकाश पाहून घेतलं. सावध करणारा सोबती जरूर जवळ बाळगावा, पण तो गप्प आहे म्हणून आपण डोळे मिटू नयेत.