भिवरगडाचा स्वतंत्र नगारजी

नगारखान्याच्या जिन्यावरून पडून धोंडजी नगारजीचा हात मोडला, आणि गडाच्या कोठीतून त्याला मूठभर धान्य मिळेना.

आजारी चाकराला घरबसल्या शिधा द्यायचा, ही भिवरगडाची जुनी रीत. पण कारभारी बाजीपंतांनी कागद पुढे केला. "धोंडजी चाकर नाहीच. स्वतंत्र कारागीर आहे, आपल्या मर्जीचा मालक. सरकार त्याच्याकडून फक्त आवाज विकत घेतात. हा बघा अंगठा."

धोंडजीची लेक सारजा थेट दरबारात जाऊन उभी राहिली. घरात चूल थंड होती; भीड बाळगायला सवडच नव्हती.

"सरकार, नगारा तुमचा, टिपऱ्या तुमच्या, बाबांचं पागोटंसुद्धा तुम्ही ठरवलेल्या रंगाचं. घटकाभर उशीर झाला की दंड. हा कसला मालक?"

"कागदात लिहिलाय तसला," राजेसाहेब म्हणाले. एकदा बोलले की मागे फिरायचं नाही, असा त्यांचा खाक्या. "तुझा बाप माझा चाकर आहे, हे माझ्या तोंडून वदवून घे. मग शिधा. तोवर त्याच्या जागी तू वाजव."

"त्याच कागदाप्रमाणे?"

"त्याच."

"बरं," म्हणून सारजा निघाली.

चार दिवस तिनं वेळेवर नगारा वाजवला. पाचव्या दिवशी सकाळी राजेसाहेब बाजीपंतांसह शिकारीहून परतले. गडाचं दार बंद. सकाळचा नगारा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, बाहेर खुद्द राजा असला तरी, हा नियम त्यांनीच घातलेला.

सूर्य कासराभर वर आला. नगारा वाजेना. सारजा वर नगारखान्यात निवांत केस विंचरत बसली होती.

"अगं, वाजव की," राजेसाहेब खालून ओरडले.

"आज मर्जी नाही, सरकार."

"मर्जी?"

"मालकाला असते. दुपारी बघते. नाहीतर उद्या."

राजेसाहेब दारवानावर घसरले. तो आतूनच अदबीनं म्हणाला, "नगारा झाला नाही, सरकार. मी चाकर माणूस, हुकूम कसा मोडू?"

राजेसाहेबांच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांचा तोल सुटला. "सारजे, हा हुकूम आहे! वीस वर्षं तुझा बाप माझ्या पदरी आहे. आमच्या चाकरीत मर्जी चालत नाही!"

सारजानं फणी खाली ठेवली. "कुणाच्या चाकरीत, सरकार?"

बाजीपंत घोड्याची आयाळ निरखू लागले.

"आमच्या," राजेसाहेब शेवटी म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "हरलो, पोरी. हात बरा होईपर्यंत धोंडजीला शिधा. तुला माझं हे सोन्याचं कडं. आणि तो कागद आत आलो की फाडतो."

"फाडू नका, सरकार. चांगला कागद आहे. फक्त धोंडजीच्या जागी बाजीपंतांचं नाव घाला. एवढे गुणी कारभारी, त्यांनाही स्वतंत्र करा."

बाजीपंतांचा चेहरा बघून राजेसाहेब इतके हसले की घोडं बिचकलं. सारजानं टिपऱ्या उचलल्या. आता तिची मर्जी झाली होती.